जुनं करायची मजुरी

वाईच्या एसटी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. एप्रिलचं ऊन, पत्र्याखाली सावलीलासुद्धा चटका होता. तेवढ्यात मागून कुणीतरी शर्टाची बाही ओढली. वळून बघितलं तर एक आजी. डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी, पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या डोकावत होत्या. "तू त्यो शूटिंगवाला न्हवं?" मी हो म्हटलं. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण लागत नव्हता. आमच्या धंद्यात माणसं घरावरून लक्षात राहतात. घर आठवलं की मग त्यातला माणूस आठवतो. तिनेच गावाचं नाव सांगितलं, मेणवलीच्या पुढचं, आणि मारुतीच्या देवळामागची आळी म्हणाली. मला ती आठवायच्या आधी तिची भिंत आठवली. "नातवानं मोबाइलवर दावला तुमचा शिनेमा," आजी म्हणाली. "सारा बगितला. दार दिसलं, उंबरा दिसला. भिताड काय कुठं दिसलं न्हाई. मग नासवलं कशापायी?"

आवाजात राग नव्हता. कोथिंबिरीची जुडी कशी दिली, असं विचारावं तसं विचारलं. मी काहीतरी जुळवून बोलणार तोवर तिची गाडी लागली. "ये कवातरी चहाला," म्हणून ती चढली, खिडकीशी बसली, मेथी मांडीवर घेतली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी गेली. मी ज्याची वाट बघत होतो ती गाडीही त्या गडबडीत गेली, हे मला नंतर कळलं.

घरी आलो आणि आधी वही शोधली. प्रत्येक कामाची माझी एक वही असते, वाण्याकडे उधारीला असते तसली, लाल पुठ्ठ्याची. कुणाच्या घरातून काय आणलं, कधी आणलं, कुठे ठेवलं, परत कधी दिलं. त्या कामाची वही माळ्यावर सापडली. पाटा-वरवंटा एक, परत दिल्याची बरोबरची खूण. कंदील तीन, पैकी एकाची काच तडकलेली, पुढे कंसात 'आधीपासून', खूण. पितळी घंगाळ, खूण. लाकडी उखळ, घोंगडी दोन, कोंबडीचा डालगा, सगळ्यांपुढे खुणा. पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरात एक ओळ होती. 'भिंत, पुढची. परत रंगवून देणे. पोपटी, १० लि. नाव काढणे.' पुढे काही नाही. दोन वर्षं.

मी आर्टमध्ये काम करतो. म्हणजे पडद्यावर माणसाच्या मागे जे काही असतं ते आमचं खातं. मुंबईहून युनिट येतं, त्यांचे आर्ट डायरेक्टर, सेटिंगवाले, सुतार, पेंटर सगळे येतात; पण बैलगाडी कुणाकडे आहे, चालू स्थितीतलं जातं कुठे मिळेल, कुठल्या घराचं छप्पर अजून मंगलोरी कौलांचं आहे, हे सांगायला एक सातारचा माणूस लागतो. तो मी. हुद्दा म्हणाल तर असिस्टंट. सेटवर कुणी नावाने हाक मारत नाही. लाइटवाले सगळे लाइट दादा, चहा देणारे स्पॉट दादा, कपड्यांचे ड्रेस दादा, तसा मी आर्ट दादा. वयाने मोठे लोकसुद्धा दादा म्हणतात. सुरुवातीला बरं वाटायचं. मग लक्षात आलं, दादा म्हटलं की नाव लक्षात ठेवावं लागत नाही.

ते घर मीच दाखवलं होतं. दगडी जोतं, सागवानी दार, उंबरा मधोमध झिजून होडीसारखा झालेला, समोर पिंपळ. डायरेक्टर दारात उभा राहून पाच मिनिटं काही बोलला नाही, आणि डायरेक्टर गप्प बसला म्हणजे जागा पसंत पडली, एवढं आता कळतं. मग त्याची नजर भिंतीवर गेली. भिंत पोपटी. साधी पोपटी नाही, हिरव्या राव्याला लाजवेल अशी, चार महिन्यांपूर्वी नातीच्या लग्नाला दिलेली. दाराच्या डाव्या अंगाला गणपती, खाली शुभविवाह, नातीचं आणि जावयाचं नाव, तारीख, बाजूला दोन केळीची पानं आणि एक कलश. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर काढतात तसं. डायरेक्टर म्हणाला, "घर मस्त आहे, पण हे गाव वाटत नाहीये." मी मागे वळून बघितलं. मागे शेणाचा ढीग, वैरणीची गंजी, बांधलेली म्हैस आणि म्हशीवर बसलेला बगळा. गाव गावासारखं वाटत नव्हतं, कारण गावाने चार महिन्यांपूर्वी रंग दिला होता.

आजीला विचारायला मला पाठवलं. घरभाड्याचे पैसे तिच्या मुलाशी आधीच ठरले होते, त्यामुळे विचारणं म्हणजे सांगणंच. ती ओसरीवर लसूण सोलत होती. मी म्हटलं, भिंत जरा जुनी दिसायला पाहिजे, आठ दिवसांचं काम, मग होती तशी रंगवून देतो. तिने लसूण सोलायचं थांबवलं नाही. "जुनी दिसाय पायजे व्हती तर दिवाळीच्या आदी यायचं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्ये नाव तेवढं राहूं द्या की." मी म्हटलं, "आजी, नाव पण काढून देतो परत. अगदी तसंच." हे वाक्य कंपनीचं नव्हतं. मला कुणी असं बोलायला सांगितलं नव्हतं. ते माझं होतं.

भिंत नवी करायला दोन दिवस पुरतात, जुनी करायला तीन लागले. आधी पॉलिश पेपर मारून चकाकी घालवायची. मग मातकट रंगाचा पातळ हात, डिस्टेंपरमध्ये पिवळी माती आणि चिमूटभर गेरू. तो पुरता वाळायच्या आत ओल्या फडक्याने मधेमधे टिपून घ्यायचा, म्हणजे खालचा रंग कुठेकुठे डोकावतो आणि भिंतीने आयुष्यात दोन-तीन रंग बघितलेत असं वाटतं. पोपडे हवे असतील तर खाली डिंकाचा हात, वर चुन्याचा थर, उन्हात आपोआप तडकतो. ओल दाखवायची ती जोत्यापासून वर, हात-दीड हात, आणि तिची कड कधी सरळ ठेवायची नाही. ओल नकाशासारखी चढते. वळचणीखाली पाण्याचे ओघळ मात्र वरून खाली. चुलीच्या खोलीच्या खिडकीवर काजळी. लहान पोरांचा हात जिथवर पोचतो तिथवर मळ, त्याच्या वर भिंत स्वच्छ. डागांना चहाची भुकटी उकळून तिचं पाणी. गुळाचं पाणी रंगाला जास्त चांगलं, पण एकदा ते वापरलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट हिरोच्या मानेवर. तेव्हापासून गूळ बंद.

माणूस जिथे टेकून बसतो तिथे डोक्याच्या तेलाचा डाग पडतो. हा डाग मी कधी चुकवत नाही, कारण तो बघितला की भिंतीमागे घर आहे असं वाटतं. ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची धरून मी करड्या रंगात थोडं तेल कालवून स्पंजने थापटत होतो. आजी मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. "ह्ये काय?" मी सांगितलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हातारा हितं न्हाई बसायचा. हितं सकाळचं ऊन येतं. त्यो तिकडं, खांबाच्या अंगाला." खांबाजवळ जाऊन तिने भिंतीवर हात ठेवून जागा दाखवली. म्हातारा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मधे भिंतीला दोनदा रंग लागला होता. मी पहिला डाग पुसला आणि तिने दाखवला तिथे काढला. थोडा खाली घे, म्हणाली. घेतला.

आप्पांना हे काम कधीच पटलं नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, साताऱ्यात शनिवार पेठेत एका बोळात त्यांची खोली होती आणि खोलीवरच्या पाटीवर नुसतं 'पेंटर' लिहिलेलं, पुढे मागे काही नाही. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं, शाळांच्या भिंतींवरची सुवचनं, सोसायटीच्या निवडणुकीची चिन्हं. पत्र्यावर सुतळीला खडू लावून रेघ मारायची, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवायचं आणि श्वास धरून 'श्री'ची वेलांटी एका ओढीत घ्यायची. मी शाळेतून आलो की ब्रश रॉकेलमध्ये धुवायचं काम माझं. त्या खोलीत दोनच फोटो होते, एक विठोबाचा आणि एक बाबूराव पेंटरांचा. ते मूळचे कोल्हापूरचे मेस्त्री, पण धंदा हेच आडनाव झालं, याचा आप्पांना भारी अभिमान. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्या माणसाने फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. त्यामुळे मी सिनेमाच्या कामाला जातो म्हटल्यावर आप्पा खूश झाले होते. मग एकदा काय करतो ते बघायला आले. भिंतीला ओल काढत होतो. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चांगल्या भिंतीला रोग लावायचे पैसे देतात व्हय रे?"

फ्लेक्स आल्यावर आप्पांचं काम दोन-तीन वर्षांत बसलं. त्याची कहाणी प्रत्येक गावातल्या प्रत्येक पेंटरची एकच आहे, नव्याने सांगण्यासारखं काही नाही.

पण त्याच्या थोडं आधी सिनेमाने त्यांना एक हंगाम दिला होता. वाईने हिंदी सिनेमात किती गावांची सोंगं घेतलीत याचा हिशेब नाही. २००३ सालच्या 'गंगाजल'मध्ये वाई बिहारातलं तेजपूर झाली, २००४ च्या 'स्वदेस'मध्ये मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर, आणि २०१० च्या 'दबंग'मध्ये पुन्हा वाईच लालगंज. नाना फडणविसांच्या वाड्यापुढचा घाट तर इतक्या वेळा गंगेचा झालाय की कृष्णेलाच आता आपण कोण ते आठवत नसेल. तर अशाच एका कामाला हिंदी पाट्या रंगवायला माणूस हवा होता आणि कुणीतरी आप्पांचं नाव दिलं. आठवडाभर ते रोज साताऱ्याहून एसटीने जायचे. 'किराणा'चं 'किराना' करायचं, 'पोलीस ठाणे'चं 'थाना', 'ळ' दिसेल तिथे 'ल'. संध्याकाळी घरी येऊन आईला सांगायचे, "ण चा न केला की झाला बिहार." खरी मजा पुढेच. सवयीप्रमाणे त्यांनी प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपली सही ठोकली होती, खाली 'सातारा'. शूटिंगच्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं. बिहारातल्या सगळ्या पाट्या साताऱ्याचा एकच पेंटर रंगवतो म्हणजे काय? अकरा पाट्यांवरच्या सह्या पुसायला आप्पांनाच बसवलं. त्यांनी पुसल्या. पण बाराव्या पाटीवरची राहिली, कंपाउंडरच्या दवाखान्याची, ती त्यांनी दाखवलीच नाही. सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे ती सही शोधायला गेलो होतो. पाटी दीड सेकंद आली, तीसुद्धा घोड्याच्या मागे.

माझं काम मात्र आप्पांच्या उलट्या दिशेला सरकत गेलं. ते पत्र्याला नवं करायचे, मी नव्याला जुनं. मधे तीन वर्षं एका मालिकेवर होतो. २०१७ साली 'लागिरं झालं जी' सुरू झाली आणि साताऱ्याची बोली घराघरात गेली, तेव्हापासून गावातली मालिका गावातच शूट करायची लाट होती, त्या लाटेत मलाही काम मिळालं. मालिकेचं गणित वेगळं. आठवड्याला सहा भाग, भागाला बावीस मिनिटांच्या आसपास फुटेज, आणि चॅनलला बँक लागते, म्हणजे पुढचे भाग तयार हवेत. लेखक रात्री पानं पाठवतो, सकाळी सातला कळतं की आज घरात बारसं आहे. पाळणा आणा. नऊला पाळणा लागतो. मी एकदा एका बाळंतिणीच्या घरातून बाळ झोपलेलं असताना पाळणा मागितलाय. तिने बाळ उचललं आणि पाळणा दिला, शिवाय वर चहा पाजला. मजुरी मिळायची काम झाल्यावर तीन महिन्यांनी, नव्वद दिवसांनी, तोही हिशेब नीट झाला तर. त्या नव्वद दिवसांत वाण्याच्या लाल वहीत माझं नाव असायचं आणि माझ्या लाल वहीत गावाचं.

त्या मालिकेतल्या घराचं बाहेरचं अंग साताऱ्याजवळच्या एका गावात होतं आणि आतलं अंग मुंबईत, सेटवर. म्हणजे सून अंगणात भांडून रागाने दार लोटायची ते आमच्याकडे, आणि आत पाऊल टाकायची ते थेट गोरेगावात, कधी पंधरा दिवसांनी. दार दोन्हीकडे एकच दिसलं पाहिजे. आमचं दार खरं, शंभर वर्षांचं, त्याचा रंग कुठल्याच कार्डात नाही. मी तीन दिवस खपून प्लायच्या तुकड्यावर तो रंग जमवला, वर तेलकट झाक, कडीजवळ हाताने गुळगुळीत झालेला भाग, खाली पावसाने फुगलेला, आणि तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रीच्या लक्झरीच्या ड्रायव्हरकडे दिला. त्यांनी त्यावरून मुंबईत दार रंगवलं. पुढे कधी तरी सेट बघायला मिळाला तेव्हा त्या दाराला हात लावला. पोकळ वाजलं. पण माझ्या रंगाला कुठे नाव ठेवायला जागा नव्हती, आणि खरं सांगतो, खऱ्या दारापेक्षा मला ते जास्त आपलं वाटलं.

हे सगळं आजीला कसं सांगणार होतो?

तिच्या दारातलं शूटिंग आठ दिवसांचं पाच दिवसांत आटोपलं. हिरोइनच्या तारखा पुढे कुठेतरी अडकल्या होत्या आणि पाचव्या दिवशी दुपारी पांडवगडाच्या बाजूने आभाळ काळंभोर भरून आलं. वळीव. मार्चमध्येच. जनरेटर व्हॅन चिखलात रुतायला नको म्हणून आधी ती काढली, मग लाइट, मग कॅमेरा. "पॅकअप" हा शब्द मी हजार वेळा ऐकलाय, पण पावसातला पॅकअप म्हणजे पळापळ. थर्मोकोलच्या पाट्या उडताहेत, केबलवाले केबल गुंडाळताना शिव्या देताहेत, स्पॉट दादा चहाचं पातेलं डोक्यावर धरून पळतोय. मी कंदील, घोंगड्या, घंगाळ गोळा करून ज्याचं त्याला देत फिरलो. रात्री अकराला ट्रक गेला. रंगाचे डबे ट्रकमध्ये होते. आजी ओसरीवर बसलेली होती, खोट्या ओलीवर खरं पाणी उडत होतं. मी म्हटलं, "आजी, चार दिवसांत येतो रंग घेऊन." ती म्हणाली, "ये. जेवलास का?"

मुंबईला दोनदा फोन केला. पाठवतो म्हणाले, मग बघतो म्हणाले, मग ज्याच्याशी बोलत होतो तो दुसऱ्या कामावर गेला. यात कंपनीला नावं ठेवता येतील, मित्रांत बसलं की मी ठेवतोही. पण सातारा ते वाई पस्तीस किलोमीटर. दहा लिटरचा डबा मलाही घेता आला असता. दोन वर्षांत मी त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन! दर वेळी मेणवलीच्या फाट्यावर गाडीचा वेग आपोआप वाढायचा, एवढं आठवतं.

आणि भिंत सिनेमात आहे. तिला दिसली नाही, पण आहे. मी तो प्रसंग पुन्हा लावून बघितला, थांबवून थांबवून. कॅमेरामनने लांबून मोठी लेन्स लावली होती, हिरोइनचा चेहरा पडदाभर, आणि तिच्या कानामागे एक मऊ तपकिरी धूर आहे. तो धूर म्हणजे माझी भिंत. ओल, ओघळ, पोपडे, पोरांचा मळ, म्हाताऱ्याचा डाग, सगळं त्यात विरघळलेलं. तीन दिवसांचं काम, साडेचार सेकंद. कॅमेरामनचंही चुकलं नाही. भिंत पोपटी असती तर तो धूर पोपटी झाला असता आणि चेहरा मेला असता. हे मला पटतं. पण हे उत्तर एसटीच्या खिडकीतून मेथी घेऊन बसलेल्या माणसाला देता येत नाही.

मेच्या पहिल्या रविवारी गेलो. आप्पांना म्हटलं, चला, लिहायचं काम आहे. त्यांनी कुठे, कुणाचं, किती पैसे, काही विचारलं नाही. कपाटातून ब्रशांची गुंडाळी काढली, पंच्यात गुंडाळली आणि गाडीवर मागे बसले. चौऱ्याहत्तर वय. वाईत दुकानातून पांढरा डिस्टेंपर आणि हिरव्या-पिवळ्या स्टेनरच्या बाटल्या घेतल्या. आजी दारातच होती. आम्हाला बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "आलास," एवढंच.

दोन पावसाळे खाऊन भिंत ओळखू येत नव्हती. मी काढलेल्या ओलीतून खरी ओल वर गेली होती, हातभर आणखी. वळचणीखाली ओघळ होते, त्यातले माझे कुठले आणि पावसाचे कुठले, मला सांगता येईना. मी एका पोपड्याला बोट लावलं, माझा समजून. तो भिंतीचा निघाला, खाली विटेपर्यंत. आप्पा चष्मा वर करून बघत होते. "ह्ये तू केलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही मी, काही नाही. "बरं जमलंय," म्हणाले. एवढ्या वर्षांत माझ्या कामाला त्यांनी दिलेला हा पहिला शेरा, आणि तोही बहुतेक पावसाला होता.

पत्तीने खरवडलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासलं, पहिला हात दिला. खांबाजवळचा तेलाचा डाग पहिल्या हातातून वर आला, तेल कालवलेलं होतं ना. दुसऱ्या हातात गेला. आजी बघत होती, काही बोलली नाही. पोपटी जमवायला वेळ लागला. मी हिरवा जास्त घातला, आप्पांनी पिवळा घालायला लावला, आजीने शेजारणीला बोलावलं, शेजारीण म्हणाली एवढा नव्हता, आजी म्हणाली होता. दुपारी पिठलं-भाकरी झाली. चार वाजेपर्यंत भिंत कोरडी झाली आणि पिंपळाखालून बघितली तर डोळ्यात घुसत होती.

मग नाव. कामाच्या आधी घराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवायचे असतात, म्हणजे काय कुठे होतं ते नंतर कळतं. तो फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये होता. मी तो मोठा करून आप्पांच्या हातात दिला. गणपती, कलश, केळीची पानं, दोन नावं, तारीख. आप्पांनी सुतळीला खडू लावला, एक टोक मला धरायला दिलं, रेघ मारली. हात थरथरतो आता त्यांचा, पण काठीवर मनगट टेकवलं की थांबतो. गणपती झाला. मग ते फोनकडे बघत राहिले, फोन लांब धरला, जवळ धरला.

"अरे, ज्यानं लिहिलंय त्यानं चूक केलीय. शुभविवाहातल्या वि ला दीर्घ दिलाय."

मी बघितलं. खरंच होती, चांगली ठसठशीत. आप्पांनी जन्मात ऱ्हस्व-दीर्घ चुकवलेलं नाही. गावातल्या मास्तरांच्या पाट्या ते दुरुस्त करून द्यायचे. ब्रश लाल रंगात बुडवलेला, हवेत तसाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आजीकडे.

"काय झालं?" आजीने विचारलं. मी सांगितलं, आधी लिहिलेलं चुकलं होतं, आता सुधारून लिहू का.

आजीला वाचता येत नाही. तिने भिंतीकडे बघितलं, मग फोनकडे. "तुमी म्हनला व्हता, व्हतं तसंच देतो."

आप्पांनी एकदा नाकावरचा चष्मा सारखा केला, काठी भिंतीला टेकवली आणि दीर्घ वेलांटी काढायला घेतली.